घरातील वीजजोडणी : एकसर की समांतर?

विजेचा पाठ चालू असता “घरातील दिवे कोणत्या पद्धतीने जोडलेले असतात?” असा प्रश्न विचारला की, वरच्या प्राथमिक वर्गांतील मुले बहुधा एका सुरात “समांतर” असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. दिव्याचे बटण दिव्याशी समांतर नसते, ते एकसर असते. वितळतारही एकसरच असते. “घरात सर्व काही समांतर” एवढेच पाठ केलेल्या मुलाने उद्या घरी बटण जोडावयास घेतले आणि तेही दिव्याच्या दोन टोकांना समांतर जोडले, तर बटण दाबताक्षणी दोन्ही तारा एकमेकींना थेट भिडतील आणि ठिणगी उडेल. वीज या विषयात अर्धवट ज्ञान असे महाग पडते. म्हणून घरात एकसर काय, समांतर काय आणि ते तसेच का असावे लागते, हे शिक्षकांनी आधी स्वतः नीट उमजून घेणे अगत्याचे आहे.

दोन जोडण्यांतील भेद

विजेचा प्रवाह वाहण्यासाठी अखंड वाट लागते. घटाच्या एका टोकापासून निघून दिव्यातून जाऊन दुसऱ्या टोकाशी परत येणाऱ्या या वाटेस परिपथ म्हणतात.

दोन दिवे एकापुढे एक असे जोडले की प्रवाहाला एकच वाट उरते; पहिल्या दिव्यातून गेलेला सर्व प्रवाह दुसऱ्यातूनही जातो. ही एकसर जोडणी होय. हिच्यात प्रवाह सर्वत्र सारखा असतो. विद्युतदाब मात्र दिव्यांत वाटला जातो. वाट कोठेही तुटली की सर्वच दिवे विझतात.

दोन्ही दिव्यांची एकेक टोके एका तारेस व उरलेली टोके दुसऱ्या तारेस जोडली, तर प्रत्येक दिव्याला स्वतःची वेगळी वाट मिळते. ही समांतर जोडणी होय. हिच्यात दाब प्रत्येक दिव्याला पुरता मिळतो. प्रवाह मात्र वाटांवाटांनी वेगळा होतो आणि मुख्य तारेत त्या सर्व प्रवाहांची बेरीज वाहते.

थोडक्यात, एकसर जोडणीत प्रवाह समान व दाबाची वाटणी. समांतर जोडणीत दाब समान व प्रवाहाची बेरीज. पुढील सर्व विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

पाटाचे पाणी आणि टाकीचे पाणी

समांतर जोडणी शिकविताना मुलांच्या मनात एक चुकीची कल्पना हमखास येते. त्यांना वाटते की, तारेतून ठरावीक वीज येते आणि दिवे वाढले की ती त्यांच्यांत वाटली जाते. शेतकऱ्याच्या मुलाला असे वाटणे स्वाभाविक आहे. पाटाला ठरावीक पाणी येते. दोन वाफ्यांकडे वळविले की प्रत्येकाला निम्मे मिळते, हे तो रोज पाहतो.

येथे पाटाऐवजी उंचावरील टाकीचे उदाहरण द्यावे. टाकीत पाण्याची पातळी कायम राखली आहे आणि तिला चार तोट्या आहेत. एक तोटी उघडली तर एका तोटीचे पाणी वाहते. चारही उघडल्या तर जवळजवळ चौपट पाणी टाकीतून बाहेर पडते. ठरलेला असतो तो दाब, पाणी नव्हे. घरातील वीज अशीच आहे. भारतात घरगुती वीजपुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट ठरविलेला आहे. त्या दाबाखाली किती प्रवाह वाहावयाचा, हे त्या वेळी चालू असलेली उपकरणे ठरवितात. उपकरण वाढले की प्रवाहाची वाटणी होत नाही, बेरीज होते. ही एक गोष्ट पक्की झाली की विजेच्या पुष्कळशा अपघातांची कारणे आपोआप ध्यानात येतात.

घराची शिडी

घरातील जोडणी फळ्यावर दाखविण्यास शिडीसारखी सोपी आकृती नाही. शिडीचे दोन उभे दांडे म्हणजे घरात येणाऱ्या दोन तारा : एक वीजयुक्त तार, जिला वायरमन ‘फेज’ म्हणतात, आणि दुसरी तटस्थ तार, म्हणजे ‘न्यूट्रल’. शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे एक उपकरण : एका पायरीवर दिवा, दुसरीवर पंखा, तिसरीवर दूरदर्शन संच. भिंतीवरचा प्लग म्हणजे रिकामी ठेवलेली पायरी. तीत उपकरण खोचले की ती पुरी होते.

सर्व पायऱ्या एकमेकींना समांतर आहेत. म्हणून प्रत्येक उपकरणाला २३० व्होल्टचा पूर्ण दाब मिळतो आणि एक बंद केले तरी दुसरे चालू राहते. परंतु एकाच पायरीवर पाहिले, तर तेथे बटण आणि दिवा एकसर आहेत. बटण बंद केले की ती एकच पायरी तुटते. वितळतार, तिच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी आलेला ‘एमसीबी’ आणि मुख्य बटण ही मात्र पायऱ्यांवर नसून, पहिल्या पायरीच्याही आधी, दांड्यावर बसविलेली असतात. घराचा सर्व प्रवाह त्यांतून जातो. म्हणून त्यांपैकी एक तुटले की सारे घर अंधारते. जुन्या, फिरत्या चकतीच्या वीजमापकात तर दोन्ही पद्धती एकत्र नांदत : त्याचे एक वेटोळे घराच्या प्रवाहाशी एकसर व दुसरे दोन तारांच्या मध्ये समांतर असे. एकाने प्रवाह मोजावयाचा, दुसऱ्याने दाब. आणि दोहोंच्या संयोगाने चकती फिरावयाची.

तात्पर्य, ज्यांना वीज वापरावयाची आहे ती उपकरणे समांतर. आणि ज्यांना वीज अडवावयाची किंवा राखावयाची आहे ती साधने एकसर.

ही व्यवस्था आरंभापासून नव्हती. विजेच्या प्रारंभीच्या काळात रस्त्यांवरचे प्रखर दिवे पुष्कळदा एकसर जोडीत आणि ते सारे एकदम लावावे लागत. घरात अशी सक्ती चालण्यासारखी नव्हती. न्यूयॉर्क शहरात ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसन यांचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले. त्यात प्रत्येक ग्राहकाचे दिवे समांतर जोडलेले होते, म्हणून ज्याला हवा त्याने आपला दिवा लावावा वा मालवावा, शेजाऱ्याला त्याची झळ नव्हती. आजच्या घरांतील जोडणीचे मूळ तत्त्व हेच आहे.

गणपतीची माळ

एकसर जोडणीचे घरोघर आढळणारे उदाहरण म्हणजे गणपतीच्या व दिवाळीच्या आराशीतील लहान दिव्यांची माळ. यांतील जुन्या पद्धतीचा एक दिवा सुमारे ६ व्होल्टचा असला, तर त्याला २३० व्होल्टवर सरळ लावता येत नाही. परंतु असे ३८ दिवे एकसर जोडले की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६ व्होल्ट येतात. एक दिवा गेला की सारी माळ विझते आणि घरातील मुले एकेक दिवा बदलून दोष शोधीत बसतात.

कित्येक जण गेलेला दिवा काढून तेथील तारा सरळ एकमेकींना पिळून टाकतात. माळ पुन्हा लागते. पण आता तोच दाब कमी दिव्यांत वाटला जातो. असे चार-सहा दिवे वगळले की उरलेल्यांवरचा दाब वाढत जातो व ते भराभर जळू लागतात. शिवाय माळेतील दिवा लहान म्हणून तिचा दाब लहान, असा समज मुले करून घेतात. तो घातक आहे. माळ २३० व्होल्टला जोडलेली असते. तिची तार सोलवटली असेल तर तिचा धक्का घरच्या कोणत्याही तारेइतकाच जीवघेणा असतो.

आजच्या पुष्कळशा एलईडी माळांत दिव्यांचे गट केलेले असतात : गटातील दिवे एकसर, आणि गट एकमेकांना समांतर. म्हणून एखादा दिवा बिघडला की सारी माळ न विझता तिचा एक तुकडाच काळोखा पडतो. विद्यार्थ्यांनी अशी माळ केवळ पाहून तिची आकृती काढावी. हा उत्तम गृहपाठ होईल.

एकसर जोडणीचा आणखी एक उपयोग गावातील वायरमनकडे पाहावयास मिळतो. दुरुस्त केलेली इस्त्री तो प्रथम एका दिव्याशी एकसर जोडून तपासतो. इस्त्रीच्या तारा आत एकमेकींना चिकटल्या असतील तर तो दिवा पूर्ण प्रकाशाने लागतो. परंतु दिव्याचा रोध वाटेत असल्यामुळे प्रवाह बेसुमार वाढत नाही.

कोणता दिवा अधिक उजळेल?

तंतूचे दोन दिवे आहेत : एक ६० वॅटचा, दुसरा १०० वॅटचा. २३० व्होल्टवर समांतर जोडले तर अर्थातच १०० वॅटचा अधिक उजळतो. एकसर जोडले तर? येथे अनेक शिक्षकही घोटाळतात. ६० वॅटच्या दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि १०० वॅटच्या दिव्याचा सुमारे ५२९ ओहम आहे. एकसर जोडणीत दोघांतून प्रवाह सारखाच जातो. म्हणून ज्याचा रोध अधिक, त्याच्या वाट्याला दाबही अधिक. ढोबळ हिशेबाने ६० वॅटच्या दिव्याला १४४ व्होल्ट मिळतात, तर १०० वॅटच्या दिव्याला ८६. म्हणजे ६० वॅटचा दिवाच अधिक उजळतो. (तंतू कमी तापला की त्याचा रोध उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतात, निष्कर्ष बदलत नाही.) हा हिशेब फळ्यावरच करावा, २३० व्होल्टवर प्रयोग करून दाखवू नये.

हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. खेड्यात वाऱ्यावादळात खांबावरील न्यूट्रल तार तुटते, तेव्हा हेच गणित घराघरांतून घडते. रोहित्रापासून, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘डीपी’पासून, तीन फेज तारा व एक न्यूट्रल तार निघते. प्रत्येक घर एक फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेले असते. न्यूट्रल तुटली की वेगळ्या फेजांवरील घरे नकळत एकमेकांशी एकसर होतात. आणि दोन फेजांमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. सोपेपणासाठी दोनच घरे घेऊ. एका घरात १०० वॅटचा, दुसऱ्यात १००० वॅटचा भार चालू आहे. कमी भाराच्या घराचा रोध दसपट. म्हणून त्याच्या वाट्याला सुमारे ३६० व्होल्ट येतात आणि दुसऱ्याला ४० देखील मिळत नाहीत. एका घरी दिवे मिणमिणतात, दुसऱ्या घरी दूरदर्शन संच जळतो. दिवे एकाएकी फार प्रखर किंवा फार मंद झाले तर प्रथम मुख्य बटण बंद करावे, हा धडा यातून मुलांना द्यावा.

शेवटच्या घराचा मंद दिवा

संध्याकाळी रोहित्रापासून दूरच्या वस्तीतील दिवे मंदावतात. सर्व घरे समांतर असताना हे का घडावे? कारण रोहित्रापासून वस्तीपर्यंतची लांब तार त्या सर्व घरांशी एकसर असते. तिचा रोध थोडा असला तरी शून्य नसतो. समजा, तो १ ओहम आहे. दुपारी ५ अँपियर प्रवाह असताना तारेत ५ व्होल्ट खर्च होतात व घरांना २२५ मिळतात. संध्याकाळी ३० अँपियर वाहू लागले की ३० व्होल्ट तारेतच जातात आणि घरांपाशी २०० उरतात.

वितळतार : तिचे काम आणि तिची मर्यादा

आता बेरजेचा धोका पाहू. ६ अँपियरच्या लहान प्लगला अनेक तोंडांचा जोड लावून एकाच वेळी १००० वॅटची इस्त्री व २००० वॅटची शेगडी चालविली, तर ३००० वॅटसाठी सुमारे १३ अँपियर प्रवाह लागतो. दोन्ही उपकरणे उत्तम चालतात. कारण दाब दोघांना पूर्ण मिळतो. तक्रार करते ती प्लगमागची तार. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ६ अँपियरऐवजी १३ वाहिले तर सुमारे पावणेपाच पट. तारेचे आवरण भिंतीच्या आत मऊ पडते, करपते आणि पेट घेते.

हे टाळण्यासाठी वितळतार वाटेत एकसर घालतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की ती प्रथम वितळते व परिपथ तोडते. साखळीत मुद्दाम ठेवलेली ही कच्ची कडी आहे. ती वारंवार जळते म्हणून तिच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणे म्हणजे कच्ची कडी पक्की करून घर कच्चे करणे होय.

वितळतार आणि बटण ही दोन्ही वीजयुक्त तारेतच असली पाहिजेत. बटण न्यूट्रलमध्ये बसविले तरी दिवा विझतोच. पण होल्डरपर्यंत २३० व्होल्टचा दाब तसाच उभा राहतो. बटण बंद आहे या विश्वासाने दिवा बदलणाऱ्याचा हात त्यास लागतो. दोष डोळ्यांस दिसत नाही, यातच त्याचा धोका आहे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी आग्रहाने सांगावी. वितळतार घराचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या मुलाचा हात वीजयुक्त तारेला लागला की त्याचे शरीर हीच तारेपासून जमिनीपर्यंत एक समांतर वाट बनते. शरीरातून अँपियरच्या काही शतांशाइतका प्रवाह थोडा वेळ गेला तरी प्राण जाऊ शकतो. आणि ५ अँपियरच्या वितळतारेला त्याची जाणीवही होत नाही.

त्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला भूसंपर्क तार, म्हणजे ‘अर्थिंग’. उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरली तर ती या तारेच्या सुलभ वाटेने जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो व वितळतार जळते. म्हणून तीन खिळ्यांच्या पिनेचा जाड खिळा कापून टाकणे हा मोठा अपराध समजावा. दुसरा उपाय ‘आरसीसीबी’ हे साधन. त्याचे तत्त्व एकसर जोडणीचेच आहे. फेज तारेने जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. परतीत तूट आली तर काही प्रवाह भलत्या वाटेने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जात आहे हे ओळखून ते वीज तोडते. घरगुती वापरासाठी हे साधन बहुधा ३० मिलिअँपियर तुटीचे घेतात.

वर्गात करावयाचे प्रयोग

सर्व प्रयोग १.५ व्होल्टच्या कोरड्या घटांवरच करावेत. घरची वीज, वाहनाची बॅटरी किंवा भ्रमणध्वनीची जुनी बॅटरी कदापि वापरू नये. अशा बॅटऱ्यांची टोके जुळली तर भाजण्याची व आग लागण्याची भीती असते.

साहित्य : दोन घट, टॉर्चचे तंतूचे तीन सारखे लहान दिवे, होल्डर, तारांचे तुकडे, एक बटण.

१. दोन घटांवर एक दिवा लावावा व त्याचा प्रकाश मुलांना लक्षात ठेवावयास सांगावे.

२. दुसरा दिवा एकसर जोडावा. जोडण्यापूर्वी “काय होईल?” हे प्रत्येकाने वहीत लिहावे. दोन्ही दिवे मंद होतात. एक दिवा सैल केला की दुसराही विझतो.

३. तेच दोन दिवे समांतर जोडावेत. प्रत्येक दिवा जवळजवळ पहिल्याइतका उजळतो. एक सैल केला तरी दुसरा लागलेला राहतो.

४. तिसरा दिवाही समांतर जोडावा. घट जुने असतील तर सर्व दिवे किंचित मंदावतात. हे प्रयोगाचे अपयश समजू नये. घटाच्या आतही रोध असतो व तो सर्व दिव्यांशी एकसर असतो. वस्तीतील मंद दिव्याचेच हे लहान रूप आहे.

५. बटण अशा जागी बसवावे की (अ) एकच दिवा विझेल, (आ) सर्व दिवे विझतील. या दोन जागा मुलांनी स्वतः शोधाव्यात. पायरी आणि दांडा यांतील भेद त्यांना येथे हाताने कळेल.

६. भांडी घासण्याच्या बारीक लोखंडी तारेचा एकच धागा परिपथात एकसर घालून दिव्याची दोन टोके क्षणभर तारेने जुळवावीत. धागा लाल होऊन तुटतो. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, धातूच्या ताटलीत, मुलांना दूर बसवून करावा.

शाळेच्या खोलीत काय पाहावे

शिक्षकाने वायरमन व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु डोळ्यांनी पाहता येतील अशा पुढील गोष्टी त्याने सत्रारंभी अवश्य पाहाव्यात. एका प्लगवर अनेक उपकरणांचा भार आहे काय? प्लगमध्ये पिनेऐवजी नुसत्या तारा काडीने खोचल्या आहेत काय? कोणते बटण वा प्लग वापरताना गरम होते काय? पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन तेथे मुंग्या आल्यासारखे वाटते काय? उघडी तार मुलांच्या हाताच्या उंचीवर आहे काय? यांपैकी काहीही आढळल्यास त्या भागाची वीज मुख्य बटणाने बंद ठेवावी, मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांस लेखी कळवावे आणि परवानाधारक वायरमनकडूनच दुरुस्ती करवावी. कोणास विजेचा धक्का बसलाच तर त्यास स्पर्श करण्यापूर्वी वीज बंद करावी, एवढे तरी प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ असावे.

पाठाच्या शेवटी विचारण्याजोगे प्रश्न

१. घरातील एक दिवा गेला तर दुसरे विझत नाहीत; मग वितळतार गेली तर सर्व का विझतात?

२. पाच दिवे समांतर लावले असता मुख्य तारेतील प्रवाह कमी होईल की वाढेल? का?

३. बटण दिव्याशी समांतर जोडले तर काय घडेल? आकृतीने दाखवा.

४. बटण बंद असूनही होल्डरला हात लावणे धोक्याचे केव्हा ठरते?

या चार प्रश्नांची उत्तरे जो विद्यार्थी कारणांसह देईल, त्याला एकसर व समांतर यांच्या व्याख्या वेगळ्या पाठ करावयास नकोत. ग्रामीण भागातील पुष्कळशा घरी वीज आहे, पण तिचे मर्म सांगणारा जाणता माणूस नाही. ते काम शाळेकडे येते. वर्गात घटावर लावलेल्या लहानशा दिव्यातून मुलाला जे उमजेल, ते तो घरी जाऊन सांगेल. आणि त्याच्या सांगण्याने एका घरातील जाड तांब्याची तार निघून योग्य वितळतार बसली, तरी तो तास सार्थकी लागला असे समजावे.